जादुई वस्तूचा भाव ठरवताना

‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ या टेबलाभोवती बसून खेळायच्या काल्पनिक साहसांच्या खेळात, २०१४च्या नियमांत ‘अनकॉमन’ (जरा दुर्मीळ) जादुई वस्तूला १०१ ते ५०० सोन्याची नाणी आणि ‘रेअर’ (दुर्मीळ) वस्तूला ५०१ ते ५,००० असे पट्टे दिलेत. डीएम (डन्जन मास्टर, म्हणजे खेळ चालवणारा) असाल तर नुसत्या पट्ट्यावर विसंबू नका. प्लस-वन (थोडा जास्त मार देणारी) तलवार आणि उडता झाडू दोन्ही ‘अनकॉमन’च. फोंड्याला आमच्या घरच्या खेळात मी झाडू ४०० नाण्यांना विकला. पुढच्याच रविवारी रॉग (एका खेळाडूचं चोरपात्र) त्यावर बसून किल्ल्याच्या तटावरून थेट आत उतरला. खंदक, पहारेकरी, कुलूपबंद दरवाजा, आठवडाभर खपून रचलेलं सगळं फुकट गेलं.

तेव्हापासून मी आधी एकच गोष्ट बघतो: ही वस्तू कोणती अडचण कायमची मिटवते? तलवारीने मार थोडा वाढतो, लढाई लढावी लागतेच. तिला ३०० पुरे. उडणं, अदृश्य होणं, भिंतीपार जाणं यांना मी बेधडक दोन-तीन हजार लावतो. एकदाच वापरून संपणाऱ्या वस्तूला निम्मा भाव.

मग बाजार बघा. जून-जुलैत मासेमारी बंद असते तेव्हा म्हापशाच्या बाजारात इसवणाचा भाव कुठे जातो, हे आपल्याला कुणी सांगायला नको. हीलिंग पोशन (जखमा भरणारं जादुई औषध) एरवी ५० नाण्यांना मिळतं. वेढा पडलेल्या शहरात दीडशे सांगा, आणि दुकानदाराला घासाघीस करू द्या. आमच्या टेबलावर सगळ्यात जास्त रंगतं ते हेच.