'अ विझर्ड ऑफ अर्थसी' वाचताना वहीत काय मांडावं

उर्सुला के. ले ग्विन यांची ही कादंबरी १९६८ ची. त्याआधी त्यांच्या तीन छोट्या विज्ञानकादंबऱ्या आल्या होत्या, पण जादू आणि रूपबदल घेऊन त्यांनी लिहिलेली पहिली कादंबरी हीच. प्रकरणं दहा, पानं साधारण दोनशे. वैशाखात दुपारी बारा ते चार जळगाव-भुसावळकडे कोणी घराबाहेर पडत नाही. त्या वेळात रोज एक प्रकरण घ्या. इंग्रजी वाचायची सवय कमी असेल तर प्रकरणाला तासभर धरा. दोन प्रकरणं एका दमात ओढू नका. इथे एका परिच्छेदात अख्खं वर्ष सरतं आणि घाईत तेच निसटतं.

प्रत सुटी, हातात मावेल अशी घ्या. अर्थसीच्या पुस्तकांचा चार्ल्स व्हेस यांच्या चित्रांसह आलेला २०१८ चा एकत्रित ग्रंथ देखणा आहे, पण पलंगावर लोळून वाचायचा नाही. प्रस्तावना शेवटी वाचा आणि मागचं कव्हर तर वाचूच नका. बहुतेक प्रतींत या बेटांच्या जगाचा नकाशा असतो, त्याचा फोटो मोबाइलमध्ये काढून ठेवा: ईशान्येला गाँट, मधोमध रोक, पश्चिमेला पेंडॉर, उत्तरेला ऑस्किल, पूर्वेला इफिश. तापी-गिरणेकाठच्या वाचकाला समुद्रातले शब्द अडतात. शीड, डोलकाठी, वल्हं, सुकाणू हे चार इंग्रजीत ओळखता आले की शेवटची प्रकरणं सरळ जातात. 'ओटक', 'गेबेथ' डिक्शनरीत शोधू नका, ते लेखिकेनेच घडवलेत.

वहीच्या पहिल्या पानावर नावं लिहा, बहुतेक जण इथेच अडकतात. नायक लहानपणी डनी, चारचौघांत स्पॅरोहॉक, आणि खरं नाव गेड. आपल्याकडे रासनाव वेगळं आणि हाकेचं वेगळं असतं तसंच. फक्त इथे खरं नाव दुसऱ्याला कळलं की आपण त्याच्या मुठीत जातो. तेराव्या वर्षी नाव मिळाल्यापासून निवेदन त्याला गेड म्हणतं, पण बहुतेक पात्रं स्पॅरोहॉकच म्हणतात. हे माहीत नसेल तर ही दोन माणसं वाटतात. चौथ्या प्रकरणात गेडचा मित्र व्हेच त्याला आपलं खरं नाव सांगतो. त्या ओळीखाली पेन्सिलने रेघ मारा, केवढा विश्वास टाकलाय ते पुढे कळतं.

आता मुख्य काम. वहीचं एक पान आडवं धरून चार रकाने पाडा: कोणी रूप घेतलं, आभास की खरा बदल, किंमत काय पडली, परत कोणी आणलं. दुसऱ्या रकान्यातला फरक तिसऱ्या प्रकरणात जादूच्या शाळेतला गुरू मास्टर हँड खड्याचा हिरा करून समजावतो. दिसायला हिरा, पण खडा तो खडाच. खरोखर बदलायचा तर त्याचं खरं नाव बदलावं लागतं आणि जगाचा तोल हलतो. हे पान घाईत वाचलं तर पुढची सगळी जादू सारखीच वाटते, आणि 'मग तो मंत्र मारून सुटत का नाही?' हा प्रश्न छळत राहतो.

पाचव्यात पेंडॉरला गेड ड्रॅगन होतो, पण क्षणभरच. सातवं प्रकरण मात्र दोनदा वाचा. ऑस्किलहून तो ससाणा होऊन गाँटपर्यंत उडतो, आणि इतका वेळ त्या रूपात राहतो की माणूसपणच विसरू लागतो. गुरू ओजियन त्याला ओळखून परत आणतो, तरी बोलणं लगेच परतत नाही. ह्याच प्रकरणात अस्वल होण्याची चटक लागलेल्या बॉर्जर या जादूगाराची छोटीशी गोष्ट आहे: अस्वल वाढत गेलं, माणूस विरत गेला, आणि त्याने पोटच्या पोराला मारलं. ही गोष्ट गंमत म्हणून आलेली नाही. ससाण्याच्या ओळीतला तिसरा रकाना भरायला तीच लागते.

गेडच्या मागे लागणाऱ्या सावलीसाठी अर्धं पान वेगळं ठेवा. चौथ्यात ती कशी दिसते, सहाव्यात कोणाच्या अंगात असते, आठव्यात कोणासारखी, एवढंच एकाखाली एक लिहा. अर्थ लावू नका. ही यादी नीट ठेवली असेल तर दहावं प्रकरण कुणी समजावून द्यावं लागत नाही.

प्रकरण संपलं की घरात कुणालातरी ते अहिराणीत सांगा. समोरून 'मंग काय व्हयनं?' आलं आणि तुम्हाला पुस्तक उघडावं लागलं, तर तेवढा भाग पुन्हा वाचायचा. ऐकणाऱ्याने गेडला कसा कल्पावा हेही सांगून टाका: तांबूस-तपकिरी वर्णाचा. लेखिकेने तसाच लिहिलाय, कित्येक जुन्या मुखपृष्ठांनी त्याला उगाच गोरा केला.

'द रूल ऑफ नेम्स' ही लेखिकेचीच १९६४ ची कथा पाचव्या प्रकरणानंतरच घ्या, आधी नको. पेंडॉरच्या ड्रॅगनचं नाव तीत फुटतं. पुढची कादंबरी 'द टूम्स ऑफ अटुआन'. तिची नायिका दुसरीच आहे आणि गेड बराच उशिरा येतो, तेव्हा पन्नास पानांत तो दिसला नाही म्हणून पुस्तक मिटू नका.