ब्रेकचे पेडल काय सांगते

चाक खोलायच्या आधी सीटवर बसा. इंजिन बंद ठेवून ब्रेकचे पेडल चार-पाच वेळा दाबा. ते कडक होईल. तसेच दाबून धरून इंजिन सुरू करा. पेडल किंचित खाली गेले तर बूस्टर, म्हणजे इंजिनाच्या व्हॅक्यूमने (हवेच्या ओढीने) पायाचा जोर वाढवणारा भाग, ठीक आहे. कडकच राहिले, तर बूस्टर किंवा त्याचा व्हॅक्यूम पाइप तपासायला हवा.

आता इंजिन चालू ठेवून 30 सेकंद एकाच जोराने दाबून धरा. पेडल खाली जातच राहिले, तर ब्रेक ऑइल गळते आहे. पाइप, कॅलिपर (चाकाजवळचा, ब्रेकचे पॅड दाबणारा भाग), चाकांच्या आतल्या बाजू कोरड्या असतील, तर बहुधा मास्टर सिलिंडरचे, म्हणजे पेडल दाबल्यावर ऑइल पाइपात ढकलणाऱ्या भागाचे, आतले सील गेले. पेडल स्पंजासारखे लागते आणि दोन-तीनदा दाबल्यावर वर येते, तेव्हा ऑइलच्या लाइनमध्ये हवा असते. ती काढताना टाकीतले ऑइल संपू देऊ नका, नाहीतर पुन्हा हवा शिरते आणि सगळी मेहनत वाया.

ऑइल कमी दिसले की वरून ओतायचे, ही सवय वाईट. चाकाबरोबर फिरणाऱ्या डिस्कला घासणारे पॅड झिजतात तसे त्यांना दाबणारे कॅलिपरचे पिस्टन बाहेर येतात, मागची जागा ऑइल भरते आणि पातळी उतरते. आधी पॅडच बघा. पॅडचे घासणारे अस्तर 3 मिमीवर आले की डाव्या-उजव्या दोन्ही चाकांचे पॅड एकदम बदला. एकाच चाकातला एक पॅड दुसऱ्यापेक्षा बराच झिजला असेल, तर कॅलिपरची स्लाइड पिन किंवा पिस्टन अडकतो आहे. तो मोकळा केल्याशिवाय नवे पॅडही तसेच जातील. डिस्कची किमान जाडी सहसा तिच्यावरच कोरलेली असते.

डॉट 3, डॉट 4 या प्रकारांचे ब्रेक ऑइल हवेतली ओल शोषते. नव्या डॉट 3 चा उत्कलनबिंदू किमान 205 अंश सेल्सियस असतो. ओल धरलेल्यासाठी ही मर्यादा 140 आहे. लांब उतारावर ब्रेक तापले की असे ऑइल उकळते, पाइपात वाफ होते, आणि वाफ दबते म्हणून पेडल थेट तळाला जाते. साधारण दोन वर्षांनी ऑइल बदला. उतारावर खालचा गिअर घ्या. चढताना जो लागला असता, तोच.

एबीएस (ब्रेक दाबल्यावर चाके जाम होऊ न देणारी यंत्रणा) असेल तर अचानक थांबताना पेडल पूर्ण दाबून धरा. ते थरथरले तरी पाय उचलू नका.

पॅड बदलल्यावर गाडी हलवण्याआधी पेडल कडक होईपर्यंत दाबा. पिस्टन मागे ढकललेले असतात, त्यामुळे पहिल्या दाबाला ब्रेक लागतच नाही.