जुनं कॉकपिट, नवं सिम्युलेटर: जोडण्याआधीची तयारी

घरच्या जुन्या कॉकपिटची उपकरणं (विमानाचं स्टिअरिंग म्हणजे योक, पेडल, स्विचचे पॅनल) नव्या संगणकावरच्या विमान उडवायच्या सिम्युलेटरला जोडायची असतील, तर सिम्युलेटर उघडायची घाई नको. आधी माळ्यावरचं सगळं सामान खाली काढा आणि प्रत्येक डब्याचा प्लग बघा, पुढचं सगळं त्यावर ठरतं. दोन ओळींत १५ पिना असतील तर तो गेमपोर्ट, म्हणजे जुन्या जॉयस्टिकचा पोर्ट. विंडोजने व्हिस्टापासून त्याला बाहेरचा रस्ता दाखवला. ९ पिनांचा सहसा सिरियल, २५ पिनांचा बहुधा पॅरलल. यूएसबी असेल तर निम्मं काम झालं, पण निम्मंच.

पॅरललवर किंवा संगणकात खोचायच्या जुन्या कार्डावर चालणाऱ्या पॅनलचा ड्रायव्हर ३२ बिटी असतो आणि ६४ बिटी विंडोज तो घेतच नाही. अशा वेळी जुना संगणक भंगारात देऊ नका. पॅनल त्यालाच राहू द्या आणि वाईडएफएस या प्रोग्रॅमने त्याला घरच्या नेटवर्कवरून (लॅन) नव्या मशीनशी जोडा. त्या जुन्या मशीनला इंटरनेट मात्र देऊ नका. सिरियल पॅनलसाठी यूएसबी-सिरियल कन्व्हर्टर घ्या, शक्यतो एफटीडीआय चिपचा. स्वस्तातली नकली चिप नव्या विंडोजवर 'कोड १०' ही चूक दाखवून बसते. जुन्या प्रोग्रॅमना बरेचदा कॉम १ ते ४ एवढेच पोर्ट दिसतात, म्हणून डिव्हाइस मॅनेजरमध्ये जाऊन क्रमांक खाली आणून ठेवा. सिरियलची वायर थेट आर्डुइनोच्या (स्विच-पॉट वाचून संगणकाला कळवणारा छोटा बोर्ड) पिनला लावायची नाही. तिच्यावर उणे-अधिक १२ व्होल्टपर्यंत येऊ शकतात आणि पिन जळते. मध्ये व्होल्टेज जुळवणारी मॅक्स२३२ चिप लागतेच.

गेमपोर्टच्या योक आणि पेडलसाठी बाजारात साधे अडॅप्टर मिळतात, पण आमचं मत स्पष्ट आहे: योकचा लोखंडी सांगाडा ठेवा, मेंदू बदला. आर्डुइनोच्या जातीचा प्रो मायक्रो किंवा लिओनार्डो बोर्ड आणा. त्यातली ३२यू४ चिप स्वतः जॉयस्टिक म्हणून ओळख देते, आर्डुइनो उनो तसं सरळ करत नाही. काम करताना खाली जुनी सोलापुरी चादर अंथरा, म्हणजे बारीक स्क्रू घरंगळत नाहीत. टर्किश टॉवेल नको, त्याचे दोरे पॉटमध्ये (दांडा फिरला की रोध बदलणारा भाग) जातात.

आता खरी गोम. गेमपोर्टच्या पॉटला तीन पाय असतात, पण वापरलेले दोनच: एकाला ५ व्होल्ट, दुसरा मधला. तिसरा मोकळाच. गेमपोर्ट नुसता रोध मोजायचा, आर्डुइनो व्होल्टेज मोजतो. म्हणून त्या मोकळ्या पायाला ग्राउंड जोडल्याशिवाय काही खरं नाही. प्रत्येक पॉटचा मधला पाय बोर्डच्या ए०, ए१ या पिनांना क्रमाने न्या. हे जुने पॉट १०० किलोओहमच्या आसपासचे असतात आणि चिपला १० किलोओहम किंवा त्याहून कमी आवडतो, म्हणून आकडा थरथरतो. उपाय दोन: मधला पाय आणि ग्राउंड यांच्यामध्ये १०४ छापलेला छोटा कपॅसिटर टाका, नाहीतर पॉटच १० किलोओहमचा बसवा. गावातल्या स्पेअर पार्टच्या दुकानात बी१०के असंच सांगा. नुसतं 'व्हॉल्यूमचा पॉट' म्हणालात तर ए अक्षराचा लॉग पॉट हातात येईल आणि थ्रॉटल (इंजिनाचा जोर ठरवणारा दांडा) शेवटच्या टप्प्यात एकदम धावेल. बोर्ड आणि एन्कोडर (खटक्या-खटक्याने फिरणारी गुंडी) गावात नसले तर ऑनलाइन मागवा, पण चार दिवस आधी.

थरथर तरीही राहिली तर आधी धूळ. इथल्या सोलापूरच्या घरांत धुळीबरोबर मागांची रुईही उडते. पॉटच्या फटीत कॉन्टॅक्ट क्लीनरचा एक फवारा मारा, दांडा वीस-पंचवीस वेळा फिरवा, सुकू द्या. मग अर्थिंग तपासा. मल्टिमीटर एसीवर ठेवून सॉकेटमध्ये न्यूट्रल आणि अर्थ यांच्यामध्ये मोजा. दोन-तीन व्होल्टच्या वर दाखवलं किंवा पत्र्याच्या पॅनलला हात लावताना झिणझिण्या आल्या तर आधी वायरमनला बोलवा. लाइट गेल्यावर इन्व्हर्टर बदली होताना यूएसबी उपकरणं अंग टाकतात, म्हणून संगणक आणि हब दोन्ही यूपीएसवर घ्या.

यूएसबी हब स्वतःच्या अडॅप्टरवर चालणाराच घ्या. हिशेब साधा आहे: २० मिलिअँपियरचे ३० एलईडी म्हणजे ६०० मिलिअँपियर, आणि यूएसबी २ चं एक सॉकेट देतं ५००. एलईडीचा भार चिपच्या पिनांवरही टाकू नका, एलईडी चालवणारी मॅक्स७२१९ चिप वापरा. जुने साइटेक कंपनीचे रेडिओ, मल्टी आणि स्विच पॅनल अधूनमधून झोपी जातात तो दोष पॅनलचा नसतो, विंडोजच्या वीजबचतीचा असतो. रजिस्ट्रीत त्या उपकरणाच्या 'डिव्हाइस पॅरामीटर्स'मध्ये 'एनहान्स्ड पॉवर मॅनेजमेंट एनेबल्ड' ही किंमत शून्य करा. यूएसबी सॉकेट बदललं की हे पुन्हा करावं लागतं, म्हणून प्रत्येक वायरीला आणि सॉकेटला चिठ्ठी चिकटवा.

इथवर आल्यावर विंडोजच्या 'सेट अप यूएसबी गेम कंट्रोलर्स' खिडकीत प्रत्येक अक्ष टोकापासून टोकापर्यंत फिरवून बघा. इथे स्थिर नसलेला अक्ष सिम्युलेटरमध्ये सुधारणार नाही.

मगच सॉफ्टवेअर. स्विच, एन्कोडर आणि डिस्प्लेसाठी मोबीफ्लाइट हा प्रोग्रॅम आणि आर्डुइनो मेगा बोर्ड ही जोडी पुरते. एका खटक्यात दोन आकडे सरकले तर एन्कोडर बिघडलेला नाही, मोबीफ्लाइटमध्ये त्याचा प्रकार चुकीचा निवडलाय. टॉगल स्विचला 'टॉगल' आज्ञा कधीही देऊ नका. चालू आणि बंद यांना वेगवेगळी 'सेट' आज्ञा द्या, नाहीतर विमान उघडताच स्विच वर आणि दिवा बंद असा उलटा संसार सुरू होतो. एफएसएक्सच्या (मायक्रोसॉफ्टचा जुना सिम्युलेटर) काळातला प्रोग्रॅम ऑफसेटवर, म्हणजे ठरलेल्या क्रमांकांच्या खणांतून, बोलत असेल तर एफएसयूआयपीसी ७ हा दुभाषा प्रोग्रॅम त्याला नव्या मायक्रोसॉफ्ट फ्लाइट सिम्युलेटरशी बोलतं करतं. फक्त एक प्रोग्रॅम अ‍ॅडमिन म्हणून आणि दुसरा साधा चालवलात तर ते एकमेकांना दिसत नाहीत. साध्या सेसना विमानात चालणारी गुंडी मोठ्या अ‍ॅड-ऑन विमानात मुकी राहिली तर वायरिंग उसवू नका. ती विमानं स्वतःचे एल-व्हेरिएबल (त्या विमानापुरत्या आतल्या नोंदी) वापरतात, जोडणी तिथे करायची.

चाचणी आपल्याच सोलापूरच्या होटगी रोड विमानतळावर घ्या, विमानतळाचा संकेत व्हीएएसएल, विमान सेसना १७२. विमानतळाजवळच्या सिद्धेश्वर साखर कारखान्याची चिमणी २०२३ मध्ये पाडली, तरी सिम्युलेटरच्या चित्रात दिसली तर दचकू नका. धावपट्टीवर उभं राहून फ्लॅप, ट्रिम, ब्रेक, रेडिओ या क्रमाने तपासा, आणि सगळं जुळलं की मोबीफ्लाइटची फाइल व एफएसयूआयपीसीची आयएनआय (सेटिंगची) फाइल तारीख टाकून पेनड्राइव्हवर घ्या, पुढच्या अपडेटच्या आधी.