जुन्या डेको फ्लॅटमधलं सात बाय नऊचं स्वयंपाकघर

दादर, माटुंगा, शिवाजी पार्क इथल्या १९३०-४०च्या दशकांतल्या आर्ट डेको (आडव्या रेघा आणि गोलावलेले कोपरे ही खूण असलेल्या शैलीच्या) इमारतींत दिवाणखाना ऐसपैस आणि स्वयंपाकघर मात्र जेमतेम, असं सर्रास दिसतं. मग नूतनीकरणाच्या वेळी तिथे कपाटांना चकचकीत शटरं (दारं) येतात. मोझॅकच्या फरशीवरून, सागवानी दारातून आत पाऊल टाकलं की शेजाऱ्याच्या घरात शिरल्यासारखं वाटतं.

म्हणून शटरचा रंग सगळ्यात शेवटी ठरवा. आधी घरातच एक फेरी मारा आणि तीन गोष्टी टिपून ठेवा: फरशीतले रंग, गोलावलेले कोपरे कुठे कुठे आहेत ते (बाल्कनी, जिन्याचा कठडा, जुनं कपाट), आणि दाराच्या चौकटीची वरची रेघ जमिनीपासून किती उंच आहे. डेकोची ओळख नक्षीत कमी आणि आडव्या रेघांत जास्त असते. वरच्या कपाटांचा माथा चौकटीच्या रेघेत, बहुतेक घरांत ७ फुटांवर, आणला की निम्मं काम झालं. छत १० फुटांवर आहे म्हणून दोन्ही भिंतींवर वरपर्यंत कपाटं चढवू नका, खोलीचा रेल्वेचा डबा होतो. माळा हवाच असेल तर एकाच बाजूला, दाराच्या डोक्यावर घ्या.

आता मापं. आतली रुंदी ७ फूट, म्हणजे ८४ इंच. दोन्ही बाजूंना २४ इंची ओटे केले तर मधे ३६ इंच उरतात. एकाला पुरतात, पण दुसरं माणूस मागून गेलं की कोपर लागतं. त्यापेक्षा मुख्य ओटा २४ इंच आणि समोरची बाजू फक्त १६ इंच ठेवा, ४४ इंचांची वाट मिळते. १६ इंचांत ताट सहज मावतं आणि एका डब्यामागे दुसरा डबा लपत नाही. उथळ कपाटाचा खरा फायदा हाच.

मुख्य भिंत ९ फुटी, म्हणजे १०८ इंच. दाराकडून खिडकीकडे वाटणी अशी: फ्रिजला २८ (फ्रिज २४ इंची, दोन्ही बाजूंना दोन-दोन इंच हवा), मग १२ इंच मोकळा ओटा, शेगडीला २४, चिरायला-लाटायला २४, सिंकला २०. मधले १२ इंच गिळून शेगडी फ्रिजला चिकटवण्याचा मोह होतो. तसं केलं की फ्रिज तापत राहतो आणि उतरवलेलं पातेलं ठेवायला जागा उरत नाही. सिंक खिडकीशी असण्याचं कारण तिथली जुनी मोरी.

मोरी हलवू नका. नाली एका भिंतीवरून दुसरीकडे न्यायची तर पाइपाला फुटामागे सुमारे पाव इंच उतार द्यावा लागतो. ९ फुटांत सव्वादोन इंच झाले, आणि तेवढी जाडी जुन्या स्लॅबवर नसते. मग एक तर फरशी उचलावी लागते किंवा उतार कमी पडून खरकटं साचतं. मोरीचा कठडा काढा, जमिनीतला ट्रॅप (नालीचा वास अडवणारा सांधा) तिथेच ठेवून त्यावर सिंक आणा आणि सिंकखालची जागा शटर न लावता उघडी सोडा. बादली राहते, आणि गळती पहिल्या दिवशीच दिसते. कठडा काढल्यावर वॉटरप्रूफिंग नव्यानं करावंच लागतं. पाणी भरून ४८ तास ठेवा आणि खालच्या मजल्यावरचं छत स्वतः जाऊन बघा. त्याआधी फरशी बसवायची नाही.

ओट्याची उंची तयार मापानं घेऊ नका. रोज स्वयंपाक करणाऱ्या माणसाला सरळ उभं करून जमिनीपासून कोपरापर्यंत मोजा आणि त्यातून ५ ते ६ इंच वजा करा. ५ फूट २ इंच उंचीला हे माप ३३ इंचांच्या आसपास येतं. शेगडीची ४ इंच उंची वर चढते आणि तिच्यावर कुकर, म्हणून शंका असेल तर एक इंच कमीच धरा.

ओट्याखाली प्लायचे खोके न करता कडप्प्याचे उभे फाडे (आधाराच्या लाद्या) लावा. प्लाय ७१० ग्रेडचा (मरीन) असला तरी कापलेल्या कडेतून पाणी पितो, कडप्प्याला तो त्रास नाही. गडबड होते ती ओळंब्यात. फाडा वर २० इंचांवर आणि खाली साडेएकोणीसवर असला की ट्रॉली (सरकता खण) अडकते, आणि मग सुतार गवंड्याकडे बोट दाखवतो, गवंडी सुताराकडे. फाडे बसून सुकल्यावरच वर, मधे, खाली अशी तीन मापं घ्या, सगळ्यांत लहान माप धरा, त्यातून चॅनेलसाठी (ट्रॉली सरकते त्या पट्ट्यांसाठी) दोन्ही बाजूंचे अर्धा-अर्धा इंच वजा करा आणि मगच ट्रॉली सांगा.

डेकोचा गोलावा आणायचा तो समोरच्या १६ इंची बाजूच्या दाराकडच्या टोकाला. तिथे आत येताना मांडीला कोपरा लागतोच. वरचा दगड ६ इंच त्रिज्येनं गोल कापून कडेला हाफ राउंड पॉलिश करा, आणि खाली गोल शटरच्या फंदात न पडता तीन उघडे गोल कप्पे द्या. गोल शटरला वाकणारा प्लाय लागतो, त्यावर १ एमएमचं लॅमिनेट तडकतं किंवा वर्षा-दोन वर्षांत कडेनं सुटतं. बाकीची शटरं क्रीम किंवा फिकट पिस्ता, मॅट, कडेला सागाची बारीक पट्टी. याच बाजूला खिडकीकडच्या ४ फुटांत उभं फडताळ करा आणि त्याला रेघांची काच लावा, उजेड आरपार जातो आणि आतला पसारा दिसत नाही.

ओट्यामागे पांढऱ्या छोट्या टाइल्स आडव्या लावा, वरून दुसरी ओळ फरशीतल्या एखाद्या रंगाची. सांध्यांत एपॉक्सी भरा. सिमेंटचा सांधा पहिल्याच आठवड्यात हळदीनं पिवळा होतो.

फरशी जुनी मोझॅक असेल तर वर व्हिट्रिफाइड टाइल चढवू नका. उंची वाढून दार घासतं आणि घराचा मुख्य दुवाच झाकला जातो. फुटलेल्या जागी रंग जुळवून नव्या टाइल्स टाका (मुंबईत १९२२पासून सिमेंटच्या टाइल्स बनवणारी भारत फ्लोअरिंग्ज अजून चालू आहे) आणि सगळ्यावर एकत्र पॉलिश करा. रफ घासाई सुतारकामाआधी, शेवटचं पॉलिश नंतर. कामगार सिमेंटचे डाग काढायला ॲसिड ओततात, त्यांना आधीच बजावा. मोझॅकमध्ये संगमरवराचे तुकडे असतात, ॲसिडनं ते खरवडल्यासारखे होतात आणि चमक परत आणायला पुन्हा घासावं लागतं.

वायरिंग टाइल्सच्या आधी. मायक्रोवेव्ह आणि इंडक्शनला १६ अँपिअरचे स्वतंत्र पॉइंट, ४ चौरस मिमी वायर, सर्किटवर ३० मिलिअँपिअरचं आरसीसीबी (वीजगळती झाली की पुरवठा तोडणारा स्विच). सिंकच्या डोक्यावर एकही पॉइंट नको.

गॅसचं कपाट बंद असेल तर जाळी कुठे, हे गॅसवर अवलंबून. सिलिंडरचा गॅस हवेपेक्षा जड, म्हणून जाळी तळाशी. पाइपचा गॅस हलका, म्हणून जाळी वर. पाइप सरकवायचा असेल तर गॅस कंपनीच्या माणसाकडूनच.

चिमणी शेगडीपासून २६ ते ३० इंचांवर लावा आणि नळी खिडकीवरच्या झडपेतून काढा, दोनपेक्षा जास्त वळणं देऊ नका. बाहेरची भिंत फोडायची तर सोसायटीची लेखी परवानगी लागते. इमारत वारसा यादीत असेल तर महापालिकेचीही, आणि ती हातात येईपर्यंत गवंड्याला तारीख देऊ नका.