समेवर यायचं तर आधी लेहरा ऐका

तोडा (बोलांवर बांधलेली नृत्यरचना) पाठ असतो, हस्तक (हातांच्या हालचाली) स्वच्छ असतात, तरी समेवरचा, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवरचा, पाय अर्धी मात्रा (ठोका) आधी पडतो. कथक शिकणाऱ्यांच्या या अडचणीत बहुतेक वेळा दोष पायांचा नसतो. मनात एक ते सोळा आकडे चालू असतात आणि लेहरा, म्हणजे तालासोबत फिरत राहणारी सुरावट, कानावरून नुसता वाहून जातो. चक्कर आली की आकडा सुटतो, आणि सुटला की धरायला काहीच उरत नाही. लेहरा ऐकणाऱ्याला मात्र आवर्तनात (तालाच्या एका फेरीत) कुठेही हरवलं तरी वाट सापडते. म्हणून रियाजाची पहिली १५ मिनिटं घुंगरू न बांधता, बसून, फक्त ऐकण्यासाठी ठेवा.

सोळा मात्रांच्या तीनतालापासून सुरू करा. लय मिनिटाला ८० मात्रा, म्हणजे एक आवर्तन १२ सेकंदांचं. लेहऱ्याच्या ॲपमध्ये आधी तबला बंद करा. हार्मोनियम किंवा सारंगी तेवढी राहू द्या. लेहरा म्हणजे एका आवर्तनाची सुरावट, तीच पुन्हा पुन्हा. बऱ्याच ठिकाणी चंद्रकंस रागातला लेहरा वाजतो, तो घेतलात तरी चालेल. दहा-बारा आवर्तनं ऐका, मग गुणगुणा. गळा साधा असला तरी हरकत नाही. चाल कुठे चढते आणि कुठे वळून समेकडे येते, एवढं अंगात मुरायला हवं. मग डोळे मिटून लेहरा मध्येच कुठूनतरी सुरू करा आणि फक्त समेवर टाळी द्या. सलग दहा वेळा सम बरोबर सापडली की पुढे जा. ॲपच्या पडद्यावर पळणाऱ्या आकड्यांकडे मात्र बघू नका. ब्लूटूथ स्पीकर जोडलेला असेल तर आवाज किंचित उशिरा येतो, आकडा आधी दिसतो आणि कान आळशी होतो.

आता तबला सुरू करा.

धा धिं धिं धा । धा धिं धिं धा । धा तिं तिं ता । ता धिं धिं धा

‘खाली’, म्हणजे तालाचा टाळी नसलेला भाग, हाताने दाखवतात नवव्या मात्रेवर, पण कानाला ती जाणवते दहाव्यापासून. तिथे ‘तिं’ येतो, डग्ग्याचा (तबलाजोडीतल्या खर्जाच्या वाद्याचा) घुमारा थांबतो आणि १३ व्या मात्रेपर्यंत ठेका (तालाचे ठरलेले बोल) हलका होतो. १४ व्या मात्रेच्या ‘धिं’वर डग्गा परत बोलतो. ही परतीची जागा पक्की धरा, कारण तिथून सम बरोबर तीन मात्रांवर आहे. मोबाइलच्या छोट्या स्पीकरवर डग्ग्याचा खर्ज जवळजवळ ऐकूच येत नाही, त्यामुळे ‘खाली’ आणि भरी (टाळीचा भाग) सारखीच वाटते. इयरफोन किंवा मोठा स्पीकर वापरा.

यानंतर पढंत, म्हणजे बोल तोंडाने म्हणणं. हातावर ताल देत तत्कार (पायांचे मूळ बोल) बोला: ता थै थै तत्, आ थै थै तत्. हा आठ मात्रांचा, म्हणजे आवर्तनात दोनदा येतो. आधी बरोबरीत, मग दुगुनीत (दुप्पट वेगात). दुगुन बोलताना उत्साहात लय पुढे पळते. त्यावर उपाय असा: तीन आवर्तनं बोला, चौथ्यात तोंड बंद ठेवून फक्त हाताने ताल द्या, आणि पुन्हा समेवर बोल उचला. मुकं आवर्तन नीट पार पडलं की लय खरोखर तुमच्याजवळ आहे.

तिहाईत, म्हणजे एकच बोल तीनदा घेऊन समेवर येण्यात, खरी परीक्षा. पहिली अगदी सोपी घ्या: ‘तिगदा दिगदिग थै’, तीन मात्रांचा बोल, खालीच्या नवव्या मात्रेवरून उचलायचा. ९ ते ११, १२ ते १४, आणि तिसरा १५, १६, सम. शेवटचा ‘थै’ समेवर. ही बेदम, म्हणजे मध्ये न थांबणारी, तिहाई. दमदार तिहाईसाठी पाच मात्रांचा बोल घ्या आणि मध्ये एकेक मात्रा दम (विराम) ठेवा: ५+१+५+१+५, एकूण १७. समेवरून उचलली की पुढच्या समेवर संपते. इथे नेहमी होणारी चूक म्हणजे दम खाणं. तिहाई १६ व्या मात्रेवर संपली तर एक दम गेला, १५ व्यावर संपली तर दोन्ही. नुसतं ‘आधी आले’ म्हणून पुन्हा नाचू नका. कोणता दम गेला ते शोधा. दमाच्या मात्रेत शरीर स्थिर असलं तरी कान लेहऱ्यावरच हवा.

हे सगळं बसून जमलं की उभं राहा, आधी अनवाणी, घुंगरांशिवाय. घुंगरांचा आवाज तुमच्या कानाला सगळ्यात जवळ असतो आणि लेहरा सहज झाकून टाकतो. घुंगरू बांधल्यावर लेहरा ऐकू येत नसेल तर स्पीकरचा आवाज वाढवण्याआधी पायाचा आघात कमी करून बघा. आणि एक लक्षात ठेवा: समेवर पाय पडायचा आहे, उचलायचा नाही. अखेरच्या चक्करमधून बाहेर येताना पाय सोळाव्या मात्रेतच उचललेला हवा.

दहा मात्रांचा झपताल पुढे याच रीतीने घ्या. तिथे डग्गा सहाव्या-सातव्या मात्रेला गप्प होतो आणि आठव्याला परततो. रूपक तालाला मात्र वेगळा वेळ द्या. ‘तिं तिं ना । धिं ना । धिं ना’ अशा सात मात्रांत ‘खाली’ समेवरच आहे, म्हणून डग्ग्याच्या घुमाऱ्यावर सम शोधणारा चौथ्या मात्रेवर फसतो.