अल्गोंक्विनला कॅम्पिंगला जाताय? खाण्याची पिशवी उजेड असतानाच टांगा

कॅनडात ओंटारिओच्या अल्गोंक्विन पार्कमधे आतल्या तळ्यांवर कनू (वल्ह्याची अरुंद, हलकी होडी) घेऊन राहायला जाणार असाल तर एक काम संध्याकाळी सगळ्यात आधी करा, वासाने येणाऱ्या अस्वलांच्या हाती लागू नये म्हणून खाण्याची पिशवी झाडाला टांगायची दोरी लावून घ्या. जेवण झाल्यावर बघू म्हणून ठेवलं ना की मग अंधारात टॉर्च तोंडात धरून फांदी शोधत बसावं लागतं, वर डास फोडून काढतात ते वेगळंच. मोज्यात एक मूठभर दगड घाला, दोरीचं टोक त्याला बांधा आणि जाडसर फांदीवरून पलीकडे टाका, पिशवी जमिनीपासून साधारण 4 मीटर वर आणि खोडापासूनही चांगली लांब लोंबकळली पाहिजे कारण काळं अस्वल झाडावर सरसर चढतं. तंबूपासून लांबचं झाड निवडा.

आणि पिशवीत फक्त चिवडा-लाडू नाही, टूथपेस्ट, साबण, सनस्क्रीन, कचरा, वासाचं सगळं त्यात गेलं पाहिजे. खिशात राहिलेली चिक्कीसुद्धा! मी झोपायच्या आधी पोरांचे खिसे रोज तपासतेच. फोडणीचा वास लागलेला टीशर्ट घालून तंबूत झोपू नका, बदला.

लोणचं न्यायचंच असेल (आम्हाला तर त्याशिवाय खिचडी जातच नाही) तर घरीच छोट्या प्लॅस्टिकच्या डब्यात काढून घ्या, तिथे आत खाण्यापिण्याचे कॅन नि बाटल्या न्यायला बंदी आहे.