रिपोर्टात ‘क्रिब्रिफॉर्म’ लिहिलंय का ते बघा, नुसता ७ बघून थांबू नका

अप्पांचा प्रोस्टेटचा बायोप्सी रिपोर्ट आला, कॅन्सर निघाला, ग्लीसन स्कोअर ३+४=७. घरात सगळे त्या सातालाच धरून बसले, दहापैकी सात म्हणजे किती वाईट, काकू तर म्हणाली पास झाले की. पण ते मार्क नाहीतच मुळात.

डोनाल्ड ग्लीसन नावाच्या अमेरिकन पॅथॉलॉजिस्टने १९६६ मध्ये ही पद्धत मांडली. एकेक पेशी कशी दिसते ते नाही, ग्रंथींची मांडणी किती बिघडलीय ते बघून नंबर द्यायचा, त्यालाच पॅटर्न म्हणतात. पॅटर्न ३ म्हणजे ग्रंथी बारीक पण सुट्या, प्रत्येकीला आपापलं भोक. ४ म्हणजे एकमेकींना चिकटलेल्या, धड न बनलेल्या. ५ म्हणजे ग्रंथीच उरल्या नाहीत, नुसत्या पेशी पसरल्यात. रिपोर्टात पहिला आकडा ज्याने जास्त जागा खाल्लीय त्याचा, म्हणून ३+४ आणि ४+३ दोन्ही सातच, पण पहिला ग्रेड ग्रुप २ आणि दुसरा ३ (हे गट १ ते ५, आकडा मोठा तितका कॅन्सर आक्रमक). आणि हल्ली बायोप्सीत कॅन्सर सापडला की मोजणी सहापासूनच सुरू होते, त्यामुळे सात म्हणजे दहापैकी सात नाही, तर खालून दुसरी पायरी समजा.

आता मुद्द्याचं. सगळे ४ सारखे नसतात. क्रिब्रिफॉर्म म्हणजे चाळणीसारखं. आमच्या डॉक्टरांनी प्रिस्क्रिप्शनच्या मागे पेनाने काढून दाखवलं, एक मोठा गोळा आणि त्यात भोकंच भोकं, आई लगेच म्हणाली हा तर बुंदीचा झारा! अगदी तसंच दिसतं ते. सुट्या ग्रंथींच्या जागी पेशींचा एकच सलग गठ्ठा, मधे आरपार भोकं. ४ मधल्या बाकीच्या प्रकारांपेक्षा हा जास्त आक्रमक, प्रोस्टेटच्या बाहेर जायची आणि ऑपरेशननंतर परत यायची शक्यता यात जास्त. त्यातही गठ्ठे मोठे असतील तर अजून.

गंमत म्हणजे (गंमत कसली म्हणा) पूर्वी यातले काही ३ मध्ये धरले जायचे, २०१४ मध्ये जगभरातल्या पॅथॉलॉजिस्टांनी ठरवलं की क्रिब्रिफॉर्म म्हणजे ४ च, आणि २०१९ पासून तो आहे की नाही ते रिपोर्टात वेगळं लिहा अशी शिफारस आहे. सगळ्या लॅब लिहितातच असं नाही. आमच्या पहिल्या रिपोर्टात हा शब्दच नव्हता, स्लाइड दुसरीकडे दाखवल्यावर कळलं.

म्हणून रिपोर्ट हातात आला की पॅटर्न ४ किती टक्के आहे ते बघा, पाच टक्के आणि चाळीस टक्के यात फार फरक आहे. मग क्रिब्रिफॉर्म आणि इंट्राडक्टल हे दोन शब्द शोधा. इंट्राडक्टल म्हणजे प्रोस्टेटमधल्या मूळच्या नळ्यांच्या आत शिरून कॅन्सर वाढतोय, दिसायला बऱ्याचदा झाऱ्यासारखाच, फक्त नळीच्या कडेची बेसल पेशींची (सगळ्यात बाहेरच्या थरातल्या पेशींची) रांग शाबूत असते, ती आयएचसी नावाच्या खास रंगाच्या तपासणीत दिसते. दोन्हीबद्दल काहीच लिहिलेलं नसेल तर ‘नाही’ असं समजू नका, फोन करून विचारा, लाजायचं काय त्यात.

यातलं काही असेल तर लगेच उपचार न करता पीएसए (प्रोस्टेटची रक्ततपासणी), एमआरआय आणि परत बायोप्सी करत लक्ष ठेवायचं, ज्याला अॅक्टिव्ह सर्व्हेलन्स म्हणतात, ते सहसा सुचवत नाहीत. जेनेटिक टेस्ट करायची का तेही विचारा, बीआरसीए२ या जनुकात दोष निघाला तर तो फक्त पेशंटचा प्रश्न राहत नाही, मुलामुलींचाही होतो. पण एवढ्या एका शब्दावर सगळं ठरत नाही, पीएसए किती, किती तुकड्यांत कॅन्सर निघाला, एमआरआय काय म्हणतो, वय काय, हे सगळं डॉक्टर एकत्र धरूनच ठरवतात.

सेकंड ओपिनियनला नुसता रिपोर्ट नेऊ नका, लॅबकडून स्लाइड आणि ब्लॉक मागून घ्या. ब्लॉक म्हणजे मेणात बसवलेला तुकडा, प्लॅस्टिकच्या छोट्या चौकटीत, कडेला नंबर. तो नंबर रिपोर्टावरच्या नंबराशी काउंटरवरच जुळवून बघा. आणि मेणच ते, उन्हात उभ्या गाडीत ठेवू नका, आमचे अप्पा पुण्याहून मुंबईपर्यंत डबा मांडीवर घेऊन बसले होते.